मिरचीची रोपं आणि हिवाळ्यात घरात घेतलेली झाडं: दिवा कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोरांटोजवळ मिसिसागात घर आहे, बेसमेंट मोकळं आहे, वर दक्षिणेकडे तोंड असलेली एक खिडकी आहे. कुंडीतली लवंगी आणि हबानेरो अशी दोन झाडं थंडीत जगवायची आहेत. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन ट्रे नवी रोपं करायची आहेत. ऑनलाइन "१००० वॉट" लिहिलेला जांभळा दिवा स्वस्तात मिळतोय आणि १०० वॉटचा पांढरा एलईडी बोर्ड त्याच्या दुपटी-तिपटीने महाग आहे. दोघांतला कोणता घ्यावा?

तुमच्या कामाला दोघांतला एकही लागत नाही. दोन ट्रेंसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या चार फुटी एलईडी शॉप लाइट दोन घ्या, प्रत्येकी ४० वॉटच्या आसपास, ४००० ते ५००० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तर उजेड पिवळसर, जास्त तर पांढरा). जुन्या दोन झाडांना घरातलेच साधे पांढरे एलईडी बल्ब पुरतात, कारण त्यांना थंडीत वाढवायचं नसून नुसतं जिवंत ठेवायचं आहे. महाग बोर्ड लागतो तो जानेवारीत घरात मिरच्या तोडायची हौस असेल तर. त्याचा हिशोब पुढे देतो.

आधी खिडकीचं बघू. डिसेंबरात टोरांटोचा दिवस जेमतेम ९ तासांचा आणि तोही बहुतेक ढगाळ. रोपाला दिवसभरात एकूण किती प्रकाश मिळाला हे डीएलआय या मापात मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर दिवसभरात पडलेले प्रकाशाचे मोल. मिरचीच्या रोपाला रोज १० ते १५ हवेत. झाडावर फळं धरायची असतील तर २० च्या वर. डिसेंबरात बाहेर उघड्यावरच ५ ते १० पडतात. त्यातला काचेतून, एकाच बाजूने, दिवसातले काही तास आत येणारा वाटा फारच थोडा. म्हणून खिडकीतली रोपं काचेकडे मान टाकतात आणि दोरीसारखी लांबतात. पुण्यात हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथे मिरचीचं झाड परसात दोन-तीन वर्षं तसंच उभं असतं, कारण मिरची मुळात बहुवर्षायू आहे. इथे तिला मारतं ते गोठलेलं दहिवर, म्हणजे फ्रॉस्ट.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. "१००० वॉट" हे बहुतेक वेळा नुसतं मॉडेलचं नाव असतं किंवा "इतक्या वॉटच्या जुन्या दिव्याच्या बरोबरीचा" असा दावा असतो. खाली बारीक अक्षरात प्रत्यक्ष वीज किती खातो ते लिहिलेलं असतं आणि ते बऱ्याचदा १००-२०० वॉटच निघतं. तोच आकडा धरायचा. त्यानंतर बघायचा पीपीएफ, म्हणजे दिवा दर सेकंदाला रोपाच्या उपयोगाचे किती मायक्रोमोल बाहेर टाकतो. त्याला वॉटने भागलं की दिव्याची कार्यक्षमता कळते. चांगल्या डायोडचे बोर्ड २.५ च्या पुढे जातात, साधी शॉप लाइट १.६ ते १.९ देते, जुन्या टी-५ फ्लुरोसंट नळ्या एकच्या आसपास. पीपीएफ लिहिलेलाच नसेल आणि दिवा पांढरा असेल, तर ल्युमेनला ७० ने भागा. कामापुरतं उत्तर मिळतं. ५००० ल्युमेनची ४२ वॉटची शॉप लाइट म्हणजे साधारण ७० मायक्रोमोल, कार्यक्षमता १.७. जांभळ्या दिव्याला ही युक्ती लागू पडत नाही, कारण ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि आपल्या डोळ्याला लाल-निळा फार मंद दिसतो.

जांभळ्या प्रकाशात रोप वाढत नाही असं मात्र नाही, वाढतं. अडचण आपली होते. त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही, पानाखालचा मावा दिसत नाही, लाल कोळ्याने केलेले फिकट ठिपके दिसत नाहीत. रोज बघायच्या झाडावर पांढरा दिवाच बरा. आणि "फुल स्पेक्ट्रम" या शब्दाला काही ठरलेलं माप नाही, त्यावर पैसे वाया घालवू नका. पांढऱ्या एलईडीत निळा, हिरवा, लाल तिन्ही असतात. ४०००-५००० केल्विनमध्ये निळ्याचा वाटा इतका असतो की रोप बुटकं, जाड खोडाचं राहतं. २७०० केल्विनचे पिवळसर बल्ब रोपांना टाळा, त्यात ती जरा लांबतात.

आता तुमच्या दोन ट्रेंचं गणित. नेहमीचा काळा सीडलिंग ट्रे साधारण २८ बाय ५४ सेंटिमीटरचा, म्हणजे ०.१५ चौरस मीटर. दोन ट्रे लांबीला लांबी लावून ठेवले की चार फुटांत बसतात. मिळून ०.३ चौरस मीटर. पानांवर प्रकाश हवा दर चौरस मीटरवर, दर सेकंदाला २०० ते २५० मायक्रोमोल (पानांवरच्या प्रकाशाचे पुढचे आकडे याच मापात). दिव्यातून निघालेल्यातला साठ टक्के ट्रेवर पडतो असं धरा. बाकीचा बाजूला सांडतो. एका ४० वॉटच्या शॉप लाइटने १३०-१४० च्या आसपास मिळतात (७० मायक्रोमोलचे साठ टक्के, भागिले ०.३). १६ तासांचा डीएलआय काढायला त्याला १६ ने आणि मग ०.००३६ ने गुणा: पावणेआठ. अपुरं. दोन शेजारी शेजारी लावल्या की २७० च्या जवळ, डीएलआय साडेपंधरा. झालं काम. बाजूने पांढरा पुठ्ठा किंवा पांढरं प्लास्टिक लावलं तर कडेच्या कप्प्यांनाही बऱ्यापैकी मिळतं. ॲल्युमिनियम फॉइलच्या मागे लागू नका, चुरगळलेलं फॉइल पांढऱ्या रंगाइतकंही चांगलं नसतं.

१०० वॉटचा चौकोनी बोर्ड याच दोन ट्रेंवर लावला तर मधली रोपं भाजतात आणि टोकाची उपाशी राहतात. तो उंच टांगला की प्रकाश सारखा पसरतो, पण बराचसा जमिनीवर जातो. लांब ट्रेला लांब दिवा, चौकोनी जागेला चौकोनी बोर्ड, एवढं लक्षात ठेवलं तरी खरेदीतली निम्मी चूक टळते.

चार फुटी, म्हणजे १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या तारेच्या रॅकवर शॉप लाइट साखळीने टांगा. एकेक कडी वर-खाली करून उंची बदलता येते. पानांपासून १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. एलईडी फार तापत नाही, त्यामुळे इतकं जवळ चालतं. रोपं वाढली की दर तीन-चार दिवसांनी दिवा वर घ्यायचा. मोजायचं असेल तर स्वस्त लक्स मीटर पुरतो: पांढऱ्या एलईडीखाली १४,००० लक्स म्हणजे साधारण २०० मायक्रोमोल. मोबाइलवरचं ॲपही चालतं, फक्त कॅमेऱ्यावर साधा पांढरा कागद धरून ॲपमध्ये त्याची जुळणी करून घ्या. नाहीतर आकडा काहीही येतो.

बी रुजायला उजेड लागत नाही, ऊब लागते. माती २५ ते ३० अंशांवर असेल तर साधी मिरची आठेक दिवसांत वर येते. १५ अंशांवर त्यालाच पंचवीस दिवस लागतात आणि बरंचसं बी कुजतं. तुमचं बेसमेंट १६-१८ अंशांचं असेल तर दिव्याआधी थर्मोस्टॅटची हीटिंग मॅट घ्या. थर्मोस्टॅटचा सेन्सर मातीत खुपसायचा, मॅटवर नाही. २८ अंश लावा. हबानेरो, भूत जोलोकिया या जातींना दोन ते चार आठवडे लागतात, तोवर माती उकरून बघू नका. इंडियन स्टोअरमधल्या वाळलेल्या ब्याडगी किंवा संकेश्वरीचं बी लावायचं असेल तर आधी वीस बिया ओल्या टिश्यूत, झिपच्या पिशवीत घालून मॅटवर ठेवून पाहा. मिरची कशी वाळवली, किती दिवस पडून होती, यावर उगवण ठरते आणि ती कधी कधी शून्यही असते.

पहिलं वाकलेलं खोड मातीबाहेर दिसलं की त्याच दिवशी दिवा चालू. इथे दोन दिवसांचा आळस महागात पडतो: अंधारात आणि उबेत रोप एका रात्रीत दोन-तीन सेंटिमीटर लांबतं आणि लांबलेलं खोड पुन्हा आखडत नाही. बहुतेक उगवलं की मॅट बंद करा. दिवसा २०-२२, रात्री १८ अंश. रोप लुकडं होतं ते नुसत्या कमी उजेडामुळे नव्हे. उजेड कमी आणि ऊब जास्त, ही जोडी त्याला कारण. पहिला आठवडा १०० ते १५० मायक्रोमोल, म्हणजे दिवा थोडा वर. बीजदलांनंतर खऱ्या पानांची पहिली जोडी फुटली की २००-२५०. मोठ्या कुंडीत हलवल्यावर ३०० पर्यंत. लांबलेलं रोप वाचवायचं तर कुंडी बदलताना बीजदलांपर्यंत मातीत गाडा. टोमॅटोसारख्या खोडाला भराभर मुळ्या फुटतील ही अपेक्षा ठेवू नका, आधार मात्र मिळतो.

दिवा १४ ते १६ तास. चोवीस तास चालू ठेवला तर लवकर वाढतील, हा हिशोब मिरचीला चालत नाही. सततच्या उजेडात तिची पानं फिकी आणि वेडीवाकडी होतात. अंधाराचे आठ तास तिला द्याच. टायमर लावा, हाताने बंद-चालू करण्याची शिस्त आठवडाभरच टिकते.

प्रकाश जास्त झाला तर पानं वरच्या बाजूला द्रोणासारखी वळतात, रंग उतरतो. पेरांवर आणि फांद्यांच्या बेचक्यात जांभळट डाग आले की लोक घाबरून बुरशीनाशक शोधतात. मिरचीच्या पुष्कळ जातींमध्ये दिव्याखाली ते येतातच, तो रोग नाही. पानाची मागची बाजू पूर्ण जांभळी होत असेल तर माती थंड आहे का बघा, थंड मुळ्या फॉस्फरस उचलत नाहीत.

याहून जास्त घोटाळा होतो तो पानाखालच्या दाण्यांचा. पान उलटं केलं की शिरांलगत साखरेचे कण सांडल्यासारखे बारीक, पारदर्शक, चमकणारे दाणे दिसतात. किडीची अंडी समजून फवारण्या सुरू होतात. नखाने खरवडून बघा आणि भिंगातून पाहा: दाण्याला पाय नाहीत, तो हलत नाही, पानाच्याच पेशी फुगून बाहेर आलेल्या असतात. याला इडीमा म्हणतात. माती सतत ओली, हवा कोंदट, वारा नाही आणि एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नाहीत, हे सगळं एकत्र आलं की मिरचीवर हे हमखास येतं. औषध काही नाही. वरचा दोन सेंटिमीटर थर वाळल्याशिवाय पाणी देऊ नका आणि छोटा पंखा मंद वेगावर सुरू ठेवा. जुन्या पानांवरचे दाणे जात नाहीत, नवी पानं स्वच्छ येतात. त्याच पंख्याने रोपं बुडाशी सडून कोलमडण्याचा धोकाही कमी होतो आणि खोड जाड होतं.

पेरणीची वेळ मागे मोजून काढा. टोरांटो परिसरात मिरची बाहेर लावायची ती व्हिक्टोरिया डेनंतर, मेच्या शेवटी. ज्वाला, लवंगी यांना आठ-दहा आठवडे, म्हणजे मार्चचा मध्य. हबानेरो आणि जोलोकियाला बारा ते चौदा, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. जानेवारीतच सगळं पेरून ठेवलं तर एप्रिलमध्ये दोन ट्रेंची झाडं अर्ध्या बेसमेंटभर होतात आणि वर केलेला दिव्याचा हिशोब कोलमडतो.

आता जुन्या झाडांकडे. आधी ठरवा, जपण्यासारखी आहेत का. ज्वाला किंवा ढोबळी मिरचीसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही, बीपासून केलेलं रोप जुलैपर्यंत तिला गाठतं. हबानेरो, जोलोकिया, लवंगी यांचं मात्र दुसऱ्या वर्षी सोनं होतं, कारण तयार खोडावर फळ कितीतरी आधी लागतं.

रात्रीचं तापमान १०-१२ अंशांवर यायला लागलं, साधारण सप्टेंबरच्या शेवटी, की झाड आत घ्यायच्या तयारीला लागा. सगळी फळं आणि फुलं काढा. मुख्य खोड आणि दोन-तीन फांद्यांचे खुंट ठेवून इंग्रजी वाय अक्षरासारखी छाटणी करा, उंची १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक खुंटावर दोन-तीन डोळे. पानं जवळजवळ सगळी गेली तरी चालेल, नव्हे गेलेलीच बरी. मावा तिथेच राहतो. बाहेरची माती झटकून, मुळ्या पाण्याने धुऊन, साधारण एक तृतीयांश मुळ्या कापा आणि ताज्या मिश्रणात १५-२० सेंटिमीटरच्या कुंडीत लावा. बागेतली माती आत आणली की चिलटंही आत येतात. मग कीटकनाशक साबणाची फवारणी, पाच-सात दिवसांच्या अंतराने तीनदा, दिवा बंद असताना, खोडाच्या सगळ्या बाजूंनी. साबण अंगावर पडला तरच कीड मरते, वाळल्यावर त्याचा काही परिणाम उरत नाही. म्हणून एकदा फवारून भागत नाही.

यापुढे दोन वाटा आहेत आणि गडबड होते ती दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे. पहिली वाट झोपवण्याची: १२ ते १५ अंश, ५० ते ८० मायक्रोमोल, दिवसाला ८ ते १० तास, पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा कपभर, खत अजिबात नाही. दुसरी जागं ठेवण्याची: १८ ते २२ अंश, १५० ते २००, १२ ते १४ तास, पाणी माती वाळेल तसं. उबदार दिवाणखान्यात मंद दिव्याखाली ठेवलेलं झाड वाढायचा प्रयत्न करतं, पांढुरकी लांब कोंब काढतं, साठवलेलं सगळं त्यात संपवतं आणि जानेवारीत माव्याला बळी पडतं. उजेड कमी देणार असाल तर ऊबही कमी द्या. १० अंशांखाली मात्र जाऊ देऊ नका. थंड गॅरेज मिरचीला चालत नाही.

तुमच्या बेसमेंटमध्ये घर गरम करणाऱ्या भट्टीपासून दूरचा, बाहेरच्या भिंतीलगतचा कोपरा १५ अंशांच्या आसपास असेल तर पहिली वाट धरा. ८०० ल्युमेनचा ९ वॉटचा साधा पांढरा बल्ब परावर्तक असलेल्या क्लॅम्प लॅम्पमध्ये घाला आणि कुंडीवर २५-३० सेंटिमीटरवर लावा. झाडाला साधारण पन्नासेक मायक्रोमोल मिळतात. एका कुंडीला एक बल्ब. झोपलेलं झाड मरतं ते उजेडापेक्षा पाण्याने: पानं नसलेलं खोड पाणी उचलत नाही आणि भिजलेल्या मुळ्या सडतात. कुंडी उचलून वजनावरून ठरवा. खुंटाचं टोक तपकिरी होऊन पेरापर्यंत वाळणं नेहमीचं आहे. जिवंत आहे का ते बघायचं तर खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर बाकीचं विसरा.

फेब्रुवारीच्या शेवटी झाड २० अंशांवर आणा, उजेड २०० आणि १४ तास करा. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात, तेव्हा पाव मात्रेचं खत सुरू करा. नळाचं पाणी लेक ऑन्टारिओचं, मध्यम कठीण. त्यात कॅल्शियम पुरेसं असतं, वेगळी बाटली घ्यायची गरज नाही. आणि इथेच सर्वांत मोठा मोह होतो: रॅकवर रोपांचा दिवा तयारच आहे, जुनं झाड तिथेच ठेवू. ठेवू नका. कोवळ्या फुटव्यावर कुठूनतरी मावा निघतोच आणि पंख्याच्या वाऱ्यात, तुमच्या बोटांवर तो दोन दिवसांत ट्रेमध्ये पोचतो. जुन्या झाडाला वेगळी खोली, तिथे वेगळी शॉप लाइट किंवा १५०० ल्युमेनचे दोन बल्ब. रोज आधी रोपांचं काम, मग जुन्या झाडांचं, उलट कधीच नाही.

हिवाळ्यात फळंच हवी असतील तर मग १०० वॉटचा पांढरा बोर्ड, प्रत्यक्ष २५० मायक्रोमोलच्या आसपास पीपीएफ असलेला, ६० बाय ६० सेंटिमीटर जागेवर. मंदावण्याचं बटण असलेला घ्या. झाडाच्या शेंड्यावर ४०० मायक्रोमोल, १४ तास, डीएलआय २०. फुलं आल्यावर दुपारी फांदी बोटाने टिचकवा, परागीभवन होतं. रात्रीचं तापमान १६ खाली गेलं तर फुलं गळतील, दिव्याला दोष देऊ नका.

विजेचं फार मनावर घेऊ नका. दोन शॉप लाइट १६ तास म्हणजे दिवसाला १.२८ युनिट, महिन्याला ३८. ऑन्टारिओत रात्रीच्या स्वस्त दराची, ११ ते ७ ची योजना तुम्ही घेतली असेल तर टायमर रात्री ११ ते दुपारी ३ लावा. संध्याकाळी ४ ते ९ हा महाग वेळ पूर्ण टळतो आणि रोपांना रात्र कधी आहे याने फरक पडत नाही. नुसत्या दिव्यांसाठी मात्र ती योजना घेऊ नका, संध्याकाळच्या स्वयंपाकाचं बिल वाढेल. दिवा घेताना सीएसए, किंवा कॅनडासाठीचा यूएल अथवा ईटीएलचा सुरक्षा तपासणीचा शिक्का पाहा. पॉवर बार जमिनीवर ठेवू नका आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबून वर जाईल अशी ठेवा, म्हणजे पाणी ओघळलं तर सॉकेटमध्ये शिरत नाही. शॉप लाइट एकमेकींना जोडत न्यायच्या असतील तर किती जोडता येतात ते तिच्यावरच लिहिलेलं असतं.

मेच्या मध्यावर, रात्री १० अंशांवर राहू लागल्या की बाहेरची सवय लावायला सुरुवात करा. तुमच्या चांगल्यातल्या चांगल्या दिव्याखाली रोपाने ३०० मायक्रोमोल पाहिलेत, बाहेरचं दुपारचं ऊन २००० च्या आसपास असतं. पहिले दोन दिवस पूर्ण सावली, मग सकाळचं तासभर ऊन, मग रोज तासभर जास्त, असे आठ-दहा दिवस. पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे आले तर घाई झाली असं समजा. ती पानं सुधारत नाहीत, पण काढूही नका. नवी दोन-तीन पानं मोठी होईपर्यंत रोपाला तीच पोसतात.